पंचवटीतील सार्वजनिक कला : उभारणी, राखण आणि सिंहस्थाचे चक्र

प्रस्तावना

सार्वजनिक कला ही संज्ञा मराठी नागरी इतिहासलेखनात अद्याप पुरेशी रुळलेली नाही. पुतळा, स्मारक, शिल्प, सुशोभीकरण हे शब्द प्रशासकीय व्यवहारात आहेत; परंतु रस्ता, चौक, घाट, पूल अशा सर्वांच्या वावराच्या जागी जे काही पाहण्यासाठी, स्मरणासाठी वा उपासनेसाठी उभे केले जाते, त्या साऱ्याचा एकत्र विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. त्यामुळे त्याचा इतिहासही तुकड्यातुकड्यांत विखुरला गेला. देवालये धर्मेतिहासात गेली, पुतळे राजकीय इतिहासात गेले, घाट तीर्थमाहात्म्यात गेले. आणि सुशोभीकरणाचा इतिहास तर निविदांच्या कागदांपलीकडे सहसा जात नाही.

प्रस्तुत निबंधात नाशिक शहराच्या गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी हा एकच भाग अभ्यासासाठी घेतला आहे. याचे कारण असे की, गेल्या तीन शतकांत सार्वजनिक जागेत काही उभे करण्याच्या जेवढ्या पद्धती महाराष्ट्राने पाहिल्या, त्यांपैकी बहुतेक या लहानशा भागात शेजारी शेजारी आढळतात. सरदारांनी बांधलेली देवालये व कुंड, तालमींनी सांभाळलेले रथ, गल्लीने जपलेली रहाड, ब्रिटिश अमदानीतील पूल, स्वातंत्र्योत्तर स्मारके, आणि अलीकडच्या काळातील शासकीय प्रकल्प असा हा पट आहे. या साऱ्यांकडे पाहताना प्रस्तुत लेखकाच्या मनात एकच प्रश्न आहे : एखादी वस्तू कोणी उभारली याची नोंद आपण आवर्जून ठेवतो, परंतु ती उभारल्यानंतर तिची राखण कोणाकडे गेली, ती त्यांच्याकडे का गेली आणि त्या राखणीतून कोण वगळले गेले, हे आपण विचारतो का? सार्वजनिक कलेच्या नियोजनाचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नात दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दाते, कारागीर आणि उत्पन्न

पंचवटीच्या घाटाचे आजचे रूप प्रामुख्याने अठराव्या शतकात घडले. रामकुंड त्यापूर्वीचा. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक जिल्हा गॅझेटियरनुसार तो १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधला व पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली. बांधणारा एक आणि दुरुस्त करणारी दुसरी, या दोघांचीही नावे एकाच नोंदीत यावीत ही गोष्ट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. त्या काळी दुरुस्ती हेही पुण्यकर्म मानले जात होते आणि म्हणून ते नोंदले जात होते. आजच्या कोनशिलांवर उद्घाटकाचे नाव असते. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची कोनशिला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

घाटावरचे रामेश्वर मंदिर, जे लोकांच्या तोंडी नारोशंकराचे मंदिर म्हणूनच आहे, ते १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधले. त्याच्या तटावरील घंटा मुळात पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर ती इकडे आली. एका युद्धातील लूट दुसऱ्या धर्माच्या देवालयाच्या माथ्यावर चढते आणि दोन-तीन पिढ्यांत ती शहराच्या भाषेचा भाग होते. या घंटेला पाणी लागणे ही नाशिककरांच्या लेखी महापुराची खूण ठरली. विजयचिन्हाचे असे पूरचिन्हात रूपांतर व्हावे, हे कोणत्याही नियोजनकाराने ठरवून घडवून आणले नव्हते.

काळाराम मंदिराची गोष्ट अधिक विस्ताराने पाहिली पाहिजे. सरदार रंगराव ओढेकर यांनी १७८० च्या दशकात ते बांधविले. रामशेज डोंगराच्या खाणीतील काळा दगड आणला गेला. दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती, असा वृत्तान्त परंपरेने सांगितला जातो. हे आकडे जसेच्या तसे घ्यावेत की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एवढ्या मोठ्या कामासाठी खाण, वाहतूक आणि घडाई यांची एक सलग यंत्रणा उभी राहिली असली पाहिजे, हे मंदिराकडे पाहताच कळते. त्या यंत्रणेतील दाता इतिहासात नावाने राहिला. घडवणारे मात्र समूहनामाने राहिले. पंचवटीत आजही पाथरवट लेन आहे. दगड घडवणाऱ्या हातांचे स्मारक म्हणून त्या गल्लीच्या पाटीकडे पाहावे लागते.

या सर्व वास्तूंच्या मागे केवळ श्रद्धा नव्हती, तर उत्पन्नाची तजवीज होती. देवस्थान इनाम, पूजा-नैवेद्याची नेमणूक, उत्सवाचा खर्च, पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क या गोष्टी उभारणीच्या वेळीच ठरत. आधुनिक भाषेत सांगायचे तर बांधकामाच्या अंदाजपत्रकाबरोबर देखभालीचे अंदाजपत्रकही मंजूर होत असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू झाला आणि देवस्थानांना आपल्या स्थावर-जंगम मालमत्तेची नोंद धर्मादाय कार्यालयात करणे बंधनकारक झाले. म्हणजे देवळाच्या आतील वस्तूला मालक, उत्पन्न आणि नोंदवही हे तिन्ही मिळाले. देवळाच्या पायरीखाली सुरू होणाऱ्या घाटावरील, रस्त्यावरील, चौकातील वस्तूंना हे तिन्ही एकत्र क्वचितच मिळाले. पुढील सर्व चर्चेचे मूळ या फरकात आहे.

रथ, रहाड आणि मान

उत्पन्नाखेरीज राखणीची आणखी एक व्यवस्था पंचवटीत होती व आहे. ती मानाची व्यवस्था होय. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, काळाराम मंदिराचा रथोत्सव होतो. रामरथ आणि गरुडरथ असे दोन रथ निघतात. रामरथाच्या सेवेत रास्ते आखाडा तालीम संघ व पाथरवट समाज, तर गरुडरथाच्या सेवेत अहिल्याराम व्यायामशाळा, अशी वाटणी परंपरेने चालत आली आहे. गरुडरथ नदी ओलांडून नाशिकच्या बाजूस जातो. रामरथ मात्र पंचवटीचा तीर सोडत नाही. लाकडी कोरीवकामाची एवढी अवजड वस्तू वर्षातून एक दिवस रस्त्यावर येते आणि पिढ्यान्‌पिढ्या सुस्थितीत राहते, याचे कारण तिची धुरा कोणाच्या खांद्यावर आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्यांच्या पूर्वजांनी दगड घडवला असे मानले जाते, त्या समाजाकडे रथाचा मान असावा, यात श्रमाची उशिरा झालेली एक नोंदही आहे.

रहाडीचे उदाहरण याहून विलक्षण आहे. रंगपंचमीला नाशिकमध्ये पेशवेकाळापासून चालत आलेले दगडी हौद उघडले जातात. पंचवटीतील शनी चौकातील रहाड त्यांपैकी एक. वर्षभर हा हौद लाकडी ओंडके व माती यांखाली बंद असतो आणि त्यावरून वाहने जातात. रंगपंचमीच्या आधी परिसरातील मंडळी तो उकरतात, धुतात, पूजा करतात, रंग तयार करतात आणि उत्सव संपला की पुन्हा बंद करतात. वर्षातील बहुतेक दिवस अदृश्य असणारी ही वास्तू कोणत्याही शहर-सौंदर्य आराखड्यात बसणार नाही. तरीही तिची जागा, तिची खोली आणि ती उघडण्याची रीत त्या चौकातील लोकांना पाठ आहे.

तथापि मानाच्या या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. मान ज्याला मिळतो त्याच्याबरोबरच तो ज्याला नाकारला जातो, तोही त्या व्यवस्थेचा भाग असतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे त्याच्या संघटनेतील प्रमुख होते. हजारोंची मिरवणूक मंदिराशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. पुढे ९ एप्रिल १९३० रोजी रथाच्या दिवशी, दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली.

येथे वादाचा विषय केवळ गाभाऱ्यातील दर्शनाचा नव्हता. रथ ही रस्त्यावरील वस्तू होती. रस्ता सर्वांचा, नदी सर्वांची, मग रस्त्यावरून जाणाऱ्या रथाची दोरी कोणाची? सार्वजनिक कलेच्या व्यवस्थापनातील मूलभूत प्रश्न इतक्या उघडपणे विचारला गेल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. सत्याग्रह पाच वर्षांच्या आसपास रेंगाळत, थांबत, पुन्हा उभा राहत चालला. मंदिर खुले झाले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४७ च्या मुंबई इलाख्यातील मंदिरप्रवेश कायद्याने दरवाजे उघडले, तोवर लढ्याची दिशा कधीच पालटली होती.

दुतोंड्या मारुती

उत्पन्न नाही, एका घराण्याचा वा तालमीचा मान नाही, तरीही जी मूर्ती शहराने आपली मानली, तिचे उदाहरण म्हणजे गोदाघाटावरील दुतोंड्या मारुती. एक मुख प्रवाहाच्या वरच्या दिशेस आणि एक खालच्या दिशेस अशी ही उंच उभी मूर्ती ऐन पात्रालगत आहे. दुतोंड्या मारुतीचा कुंड हे नाव १८८३ च्या गॅझेटियरमधील कुंडांच्या यादीतच येते. अर्थात नावाचे वय किमान तेवढे आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की प्रशासन होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी वाहत आहे ते जाहीर करते. तो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. परंतु बाजारात, बसथांब्यावर, घराघरांत विचारले जाते ते वेगळेच : पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, छातीला की गळ्याला? सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे पूर नाशिककर मूर्तीच्या अवयवांवरून लक्षात ठेवतात. क्युसेकचा आकडा कळायला जलशास्त्र लागते. मारुतीची कंबर कळायला काहीच लागत नाही. सराफ बाजारातील व्यापाऱ्याने दुकानातील माल केव्हा हलवावा, घाटावरच्या टपरीवाल्याने केव्हा उठावे, याचे निर्णय या मूर्तीकडे पाहून घेतले गेले आहेत.

कलासमीक्षेच्या निकषांवर ही मूर्ती कदाचित फार वरची ठरणार नाही. शेंदराचे थर, तैलरंग, डोळ्यांची ठळक रेखा हे सारे लोकपरंपरेतील आहे. पण सार्वजनिक कलेचा निकष जर जनतेशी असलेला तिचा व्यवहार हा असेल, तर पंचवटीत हिच्या तोडीची दुसरी कलाकृती नाही. तिची राखण कोण करते, या प्रश्नाचे उत्तर येथे बदलते. उपयोग हाच तिचा राखणदार आहे. पूर ओसरला की गाळ धुतला जातो, कारण पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा दिसावी लागते.

नगरपालिका आणि मोकळ्या जागा

नाशिक नगरपालिकेची स्थापना १८६४ ची. त्यानंतर रस्ता, दिवा, पाणी यांबरोबर मोकळ्या जागेची मालकीही एका संस्थेकडे आली. १८९५ मध्ये गोदावरीवरील व्हिक्टोरिया पूल झाला. तोच आजचा अहिल्यादेवी होळकर पूल. नाव बदलून स्मरण बदलण्याची ही पद्धत सर्वत्र आढळते आणि ती कमी खर्चाची असते. मुंबईत १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा काळा घोडा राणीच्या बागेत हलवला गेला, पण जागेचे नाव काळा घोडाच राहिले. नाशिकच्या बाबतीत उलट झाले : पूल जागेवर राहिला व नाव गेले. पंचवटी कारंजा हे नाव याच संदर्भात आठवते. आज तो वाहतुकीचा गजबजलेला चौक आहे, आणि कारंज्याचे पाणी पाहायला तेथे कोणी थांबत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या स्मरणाची मुख्य जागा रामकुंडच ठरली. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले. गांधी तलाव आणि गांधी ज्योत ही नावे त्या प्रसंगाशी निगडित आहेत. घाटावरचे यशवंतराव महाराज पटांगण देवमामलेदारांच्या स्मृतीचे, तर तेथे भरणारी वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. हे पटांगण म्हणजे कोणतीही मूर्ती वा भिंतचित्र न उभारता सार्वजनिक जागेला अर्थ कसा देता येतो याचा पाठच आहे. परंतु तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली व पंचवटी हा तिचा एक विभाग झाला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील अठरा विषयांपैकी तेरावा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. म्हणजे शहराच्या सौंदर्याची काळजी हे राज्यघटनेने नागरी संस्थेला सोपविता येण्याजोगे काम ठरवले. मात्र त्या कामाला लागणारी स्वतंत्र यंत्रणा सर्वत्र आली नाही. दिल्लीसाठी १९७३ च्या कायद्याने नागरी कला आयोग स्थापन झाला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये पुनर्विकासाच्या बांधकाम खर्चातील एक टक्का कलेसाठी राखून ठेवण्याचा नियम केला, तर फ्रान्सने १९५१ मध्येच शाळांच्या इमारतींपासून अशी तरतूद सुरू केली होती. आपल्याकडे टक्का आला तो वेगळ्या वाटेने. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करण्यास सांगितले आणि नाशिकमध्ये गोदापार्क, उद्याने यांसारखी कामे अशा खासगी निधीतून उभी राहिली. फरक असा की फिलाडेल्फियाच्या पद्धतीत नियम शहराचा असतो, तर येथे निवड देणाऱ्याची असते; अठराव्या शतकातील दाता जणू नव्या वेषात परतला. परंतु त्या दात्याबरोबर इनामाची तजवीज येत असे, ती या वेळी आली नाही. ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदापार्कची झालेली हानी पाहिली की हा फरक डोळ्यांत भरतो.

पुतळ्याचा नियम आणि नियमाबाहेरचे सारे

महाराष्ट्रात सार्वजनिक कलेबाबत शासनाने सर्वाधिक तपशिलाने नियमन केले असेल तर ते व्यक्तींच्या पुतळ्यांचे. २०१७ मध्ये शासनाने यासंबंधी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीस कला संचालनालयाची मान्यता, जागेच्या मालकीची कागदपत्रे, पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र, त्याच व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिसरात नसणे, आणि उभारणाऱ्या संस्थेने देखभालीची जबाबदारी घेणे, अशा अटी त्यात आहेत. तत्पूर्वी १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ व सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिला होता. त्याच प्रकरणात २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने अशा जागांवरील नव्या धार्मिक बांधकामांनाही प्रतिबंध झाला होता. नाशिकमध्ये २०१७ साली महापालिकेने अनधिकृत धार्मिक बांधकामे हटविण्याची मोहीम घेतली, ती या न्यायालयीन पार्श्वभूमीवर.

या नियमांचे हेतू दोन : शांतता आणि प्रतिमेची प्रतिष्ठा. दोन्ही हेतू योग्य आहेत. पण वस्तू टिकेल का, हा तिसरा प्रश्न त्यांत दुय्यम राहतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती लहान प्रतिकृतीला. प्रत्यक्ष उंचीच्या पुतळ्याचे बांधकामशास्त्र हा वेगळा विषय होता. चेहरेपट्टीची तपासणी करणारी यंत्रणा आणि पायाची तपासणी करणारी यंत्रणा यांच्यामध्ये जी जागा मोकळी राहते, तिच्यात असा पुतळा पडतो.

दुसरी गोष्ट अशी की, व्यक्तींचे पुतळे सोडले तर उरलेले जग या नियमाबाहेर आहे. भिंतीवरील चित्रे, चौकातील शिल्पे, कारंजी, पौराणिक प्रसंगांचे सिमेंटमधील देखावे, रोषणाई, प्रायोजकाच्या नावाचा फलक लावलेली वाहतूक बेटे यांना मातीची प्रतिकृती सादर करावी लागत नाही. तपोवनातील लक्ष्मण-शूर्पणखेच्या प्रसंगाचे शिल्प पाहायला रोज शेकडो यात्रेकरू थांबतात. एका स्त्रीच्या नाक-कान छेदनाचा हा देखावा सार्वजनिक जागेत कसा दाखवावा, यावर एखाद्या कलासमितीत चर्चा होऊ शकली असती. तशी समिती असावी असा आग्रह धरल्यास परंपरेला विरोध केल्याचा आरोप होतो, हा अनुभव नवा नाही.

सिंहस्थाचे चक्र

पंचवटीच्या नियोजनाचे घड्याळ बारा वर्षांचे आहे. १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३, २०१५ अशा क्रमाने सिंहस्थ येत गेला. प्रत्येक वेळी आधीच्या दोन-तीन वर्षांत राज्य शासनाचा निधी येतो, घाट वाढतात, रस्ते रुंदावतात, भिंती रंगतात. रामकुंडावरील गंगा-गोदावरी मंदिराचे दरवाजेही सिंहस्थातच उघडतात. गाडगे महाराजांनी १९३२ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने येथे धर्मशाळा उभी केली, तीही याच घड्याळानुसार. मात्र त्यांनी इमारतीबरोबर ती चालविण्याची व्यवस्थाही लावली, म्हणून ती वास्तू पर्वकाळानंतरही माणसांच्या उपयोगी पडत राहिली.

इतर बहुतेक कामांचे तसे नाही. पर्वणीची तारीख पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे काम वेळेत होणे हाच एकमेव निकष उरतो. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास नदीपात्राच्या तळाला काँक्रीट झाले आणि जुने कुंड त्याखाली गेले. त्या वर्षी २७ ऑगस्टला पंचवटीतील अरुंद वाटेवर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले, त्यामुळे पुढील काळात मोकळी जागा आणि रुंद वाट यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. हे विसरून केवळ वारशाच्या बाजूने बोलणे अन्याय्य होईल. परंतु काही वर्षांनी तेच काँक्रीट काढण्याची मागणी झाली, आणि स्मार्ट सिटी योजनेत २०१६ मध्ये नाशिकची निवड झाल्यावर गोदा प्रकल्पाच्या नावाने त्याच पात्रात पुन्हा काम सुरू झाले. या कामांत घाटावरील जुन्या दगडी पायऱ्या काढल्या गेल्याबद्दल नागरिकांनी जाहीर आक्षेप घेतले. एकाच पायरीचा दगड एका पर्वकाळासाठी झाकायचा आणि दुसऱ्यासाठी उकरायचा, हा क्रम टाळायचा असेल तर पायरी कोणती, कोणत्या काळातील, तिच्यावर कोणती खूण वा लेख आहे, याची नोंद काम सुरू होण्याआधी हाती असावी लागते. देवस्थानाला कायद्याने जी नोंदवही ठेवावी लागते, तशी घाटाची, चौकाची आणि भिंतींची नोंदवही विभागीय कार्यालयात असणे ही काही खर्चिक मागणी नाही. पंचवटीतील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना ती एका वर्षाच्या क्षेत्रकार्यात तयार करता येईल. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय सुचत नाहीत ही आपली नित्याची तक्रार आहे. हा विषय महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच आहे.

राम काल पथ आणि पूर्व दरवाजा

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना पर्यटनस्थळांच्या विकासासाठी दिलेल्या विशेष साहाय्यात नाशिकच्या राम काल पथ प्रकल्पास ९९.१४ कोटी रुपये मंजूर केले. रामकुंड, काळाराम मंदिर, सीता गुंफा हा परिसर त्याच्या केंद्रस्थानी आहे. महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. अर्थात या पथाची आखणी ज्या काळात झाली, त्या काळात पंचवटीचा नगरसेवक म्हणून सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सिंहस्थाचे ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ अखेरचे. पुन्हा एकदा निकष वेळेचा आहे.

प्रकल्पाच्या नावातच एक काळ निवडलेला आहे, तो रामाचा. पौराणिक काळाची दृश्ये उभी करण्यास हरकत घेण्याचे कारण नाही. पंचवटीला येणारा यात्रेकरू त्यासाठीच येतो. परंतु त्याच वाटेवर नारोशंकराची घंटा १७३९ ची साक्ष देते, पाथरवट लेन कारागिरांची, दुतोंड्या मारुती पुराची आणि काळाराम मंदिराचा पूर्व दरवाजा १९३० ची. एका पथावर किती काळ बोलू द्यायचे हा निर्णय रंगसंगतीचा नाही. घाटावर आलेल्या मिरवणुकीची ती सभा रामकुंडाच्या आसपासच भरली होती. पथाच्या आखणीत तिच्यासाठी एखादा दगड, एखादी ओळ आहे का, हे विचारण्याचा अधिकार जितका इतिहासाच्या अध्यापकाला आहे तितकाच त्या मिरवणुकीत चाललेल्यांच्या नातवंडांना आहे. दरवर्षी २ मार्चला ती नातवंडे या दरवाजाशी अभिवादनासाठी जमतात. कोणत्याही शासकीय तरतुदीविना चालत आलेली ही राखण आहे. रथाच्या दोरीला हात लावू न दिलेल्यांनी स्मरणाची दोरी मात्र सोडलेली नाही.

सत्याग्रहाला २ मार्च २०३० रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील. चालू सिंहस्थ २०२८ मध्ये संपलेला असेल, त्याचा निधी खर्ची पडलेला असेल आणि पूर्व दरवाजासमोरच्या वाटेचा दगड बसवून झालेला असेल.